वन्संची संध्याकाळ

माझे पणजोबा तात वळीत असत. आतडी धुऊन, पिळून, सावलीत वाळवून त्यांनी काढलेली तात वाद्यांना लागे, आणि लोक त्यांना तातोबा म्हणत. माझ्या आजोबांनी तीच तात रॅकेटच्या चौकटीत विणण्यास घेतली. क्लबाच्या व्हरांड्यात एका स्टुलावर त्यांची हयात गेली, म्हणून ते स्टूलमास्तर झाले. माझ्या वडिलांच्या काळात तात जाऊन नायलॉन आले. त्यांनी दुकान थाटले, ताण पौंडात मोजणारे यंत्र आणले, आणि काट्याकडे पाहिल्याशिवाय कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. त्यांना सगळे काटेसाहेब म्हणत. त्यांच्यानंतर दुकान माझ्याकडे आले. मला भाऊ नव्हता म्हणून आले असे कोणी समजू नये. भाऊ होता, त्याच्या हाताला अंदाज नव्हता.

रॅकेटमध्ये तारा भरण्याच्या कामाला गटिंग म्हणतात. मी ते पन्नास वर्षे केले. आमच्या दुकानाला ठिगळ ठाऊक नाही: एक तार तुटली तरी सगळी जाळी काढून नवी भरायची, कारण जुन्या तारांत एक नवी तार बसवली की ताण कधी सारखा राहत नाही. आणि गिऱ्हाइकाची वस्तू आमच्या हातून मोडली, तर त्याला नवी कोरी द्यायची व मोडकी आपल्याकडे ठेवायची. हा नियम तातोबांपासून चालत आला आहे. त्यापायी तीन पिढ्यांत सात वस्तू मोडक्या म्हणून भिंतीवर लागल्या. आठवी माझी.

परंतु त्या आठव्या वस्तूकडे येण्यापूर्वी माझ्या नणंदेविषयी सांगणे भाग आहे.

वन्सं माझ्याहून सहा वर्षांनी लहान. माझे यजमान लग्नानंतर आमच्या दुकानात आले तेव्हा मागे आईवडील नसलेली ही बहीण त्यांच्याबरोबर आली. सतरा वर्षांची होती, आणि गात होती. दुकानात बसून तिने गटिंग शिकून घेतले. उभ्या तारा ओढताना एक ओळ, आडव्या तारा विणताना दुसरी, असे तिचे चाले. पुढे एका चांगल्या गुरूकडे शिकली. चोविसाव्या वर्षी नगर सभागृहात तिची स्वतंत्र मैफल ठरली. संध्याकाळी सहा ते साडेआठ. पत्रकावर तिचे पूर्ण नाव छापले गेले.

त्याच दिवशी दुपारी, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधीच, मला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या. यजमानांच्या उजव्या हाताला प्लास्टर. आणि दुकानात सेहेचाळीस रॅकेट पडलेल्या, ज्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धेच्या मैदानावर पोहोचवण्याचा शब्द मी दिला होता. मी रुग्णालयात गेले. वन्संनी मैफलीची साडी बदलली, साधी नेसल्या, आणि माझ्या स्टुलावर बसल्या. सहा वाजता सभागृहाचा पडदा उघडला तेव्हा त्या अकराव्या रॅकेटवर होत्या. सभागृहाने त्यांच्या जागी दुसऱ्या मुलीला बसवले. ती मुलगी पुढे नावाजली.

आमच्या शब्दाला बट्टा लागला नाही. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस गेल्या, आणि एकीचाही ताण चुकला नव्हता. खाटेवरून मी म्हणाले, "वन्सं, तुमची एक संध्याकाळ माझ्याकडे राहिली."

"राहू दे गं वहिनी," त्या म्हणाल्या. "कुठं पळून जाते ती?"

ती एक्केचाळीस वर्षे राहिली. त्यांना पुन्हा कोणी बोलावले नाही. त्यांनी लग्न केले नाही, बसस्थानकावर उद्घोषिकेची नोकरी धरली, आणि ज्या गळ्याने गायचे त्या गळ्याने तीस वर्षे गाड्यांच्या वेळा सांगितल्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी एके दिवशी जाहीर केले की आपण सभागृह घेऊ, चांगले वाजवणारे बोलावू, आणि तुमची संध्याकाळ करू.

वन्संनी हातातला तांब्या खाली ठेवला. "वहिनी, मी त्या दिवशी कुणाच्या स्टुलावर बसले होते?"

"माझ्या."

"माझ्या जागी कुणाला तरी पैसे देऊन बसवलं होतंस?"

"नाही."

"मग माझ्या शेजारी भाड्याचा माणूस कशाला? तू बस."

"मला वाजवता येतं का?"

"सतराव्या वर्षी मला तरी गटिंग कुठं येत होतं? शिकलेच ना."

वाद मी हरले. ही गोष्ट माझ्या आयुष्यात फार वेळा घडलेली नाही. मी मुकाट्याने एका वाद्यशाळेत कीबोर्डसमोर तीन आठवडे बसले. तेथील मास्तर सारखे सांगत, बोटे उचला, बोटे उचला. आणि माझी बोटे पन्नास वर्षे धरून ठेवण्यास शिकलेली. चौथ्या आठवड्यात मास्तरांनीच क्लासची वेळ बदलल्याचे कळवले, ती कोणती हे मात्र कळवले नाही. त्यानंतर सात वर्षे गेली. वन्सं पासष्टच्या झाल्या. स्वयंपाकघरातून येणारे गुणगुणणे दर वर्षी थोडे खाली उतरत होते, आणि ते माझ्याखेरीज कोणाच्या लक्षात येत नव्हते.

अशात एका मंगळवारी बालवाडीची एक शिक्षिका दुकानात आली. हातात लाकडाची, कमरेशी निमुळती, हातभर लांबीची वस्तू; चार तारा, त्यांतली एक तुटून लोंबत असलेली.

"आजी, इथे तारा लावून मिळतात ना?"

"मिळतात. आणि दुकानात मला आजी कोणी म्हणत नाही."

"मग काय म्हणतात?"

माझा मुलगा यंत्रावरून मान वर न करता म्हणाला, "समोर बाई म्हणतात. मागून काय म्हणतात ते विचारू नका."

मी ती वस्तू उलटसुलट करून पाहिली. "हे काय, गिटारचं पिल्लू?"

"युकुलेली म्हणतात याला."

"पोटभर मिळत नव्हतं वाटतं."

ती मुलगी मनापासून हसली, म्हणून मी तिला बसायला स्टूल दिले. मुलगा हळूच म्हणाला, "आई, हे आपलं काम नाही. वाद्यवाल्याकडे पाठव."

"तार म्हटली की आपलं काम," मी म्हणाले. "तुझे खापरपणजोबा वाद्यांनाच तारा लावत होते. तेव्हा तुझा वाद्यवाला कुठं होता?"

एक तार तुटली होती. अर्थात मी चारही काढल्या. आमच्याकडील सर्वांत चांगली नायलॉनची तार घेतली, वाद्य यंत्राच्या मंचावर आवळले, आणि ताण अठरा पौंडांवर लावला. लहान मुलांच्या रॅकेटलाही आम्ही त्याहून कमी लावीत नाही, आणि हे तर लहान मुलांच्याच शाळेत जायचे होते. पहिली तार बसली. दुसरी बसली. तिसरीला वाद्य किंचित कण्हले. मला वाटले, नवीन आहे, सवय होईल. चौथीला काटा अठरावर पोहोचला मात्र, ज्या लाकडी घोडीवर तारा बांधतात ती लाकडाच्या सालीसकट उखडली, मुलाच्या कानाजवळून सणसणत गेली आणि मागील भिंतीवरच्या घड्याळाची काच फोडून थांबली.

मुलाने कान चाचपून पाहिला.

वन्सं आतल्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाद्य होतं वहिनी ते. सामना नव्हता."

मी शिक्षिकेला तेथेच सांगितले, "उद्या याच वेळी या. नवं मिळेल."

"अहो बाई, असू द्या, डिंकानं चिकटवलं असतं तरी..."

"उद्या याच वेळी."

दुसऱ्या दिवशी तिला नवे कोरे वाद्य मिळाले आणि मोडके माझे झाले. नियमाप्रमाणे ते भिंतीवर जायचे होते. पण हातून असे काम बिघडलेले मला सहन होईना. सुतारी सरसाने मी घोडी पुन्हा बसवली, यंत्राच्या चिमट्यांत दोन दिवस दाबून ठेवली, आणि शिक्षिकेला निरोप धाडला की याला ताण किती लावायचा ते येऊन सांगावे, पौंडात.

ती आली. "पौंडात मला नाही माहीत, बाई. हे कानानं लावतात."

"कानानं? काट्याशिवाय?"

"काट्याशिवाय."

काटेसाहेब हयात असते तर त्यांनी तिला दुकानाबाहेर काढले असते. मी तिला ऐकण्यास सांगितले, हळूहळू तार ओढली, ती "बस!" म्हणाली तेथे काट्याकडे पाहिले. नऊ. बरोबर निम्मे. चारही तारा लागल्या. मग तिने माझे एक बोट उचलून सर्वांत खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्यापाशी ठेवले आणि उजव्या हाताने चारही तारांवरून एकदा अंगठा फिरवण्यास सांगितले.

मी फिरवला. दुकानात एक पूर्ण, स्वच्छ, भरलेला स्वर उभा राहिला. एका बोटाने!

"दुखतंय का बोट?" तिने विचारले. "सगळ्यांना पहिले दोन महिने दुखतं."

मी तिला माझ्या बोटांची टोके दाखवली. पन्नास वर्षांच्या तारांनी त्यांवर जे कातडे चढवले आहे, त्यात टाचणी टोचली तरी मला कळत नाही. "ते दोन महिने माझे केव्हाच झालेत," मी म्हणाले.

मी मान वळवली तर वन्सं पुन्हा दारात. हातात ओले फडके.

"वन्सं, कुठल्या सुरात गाता तुम्ही हल्ली?"

"का?"

"विचारते आहे."

त्यांनी फडके दोनदा पिळले, त्यात पाणी नव्हते तरी. "वहिनी, चेष्टा करत असशील तर नको."

"मी कधी चेष्टा करते का?"

"नाही करत. तोच तर त्रास आहे," त्या म्हणाल्या, आणि एक सूर लावून दाखवला. खाली गेलेला होता, पण आतून शाबूत होता. शिक्षिकेने तो ऐकला, हातातला मोबाइल पर्समध्ये टाकला, आणि म्हणाली की बुधवारी आणि शनिवारी शाळा सुटल्यावर ती येत जाईल.

युकुलेलीचे शिक्षण सोपे असते असे सांगणाऱ्यांनी ते माझ्या बोटांनी करून पाहावे. माझा हात चुकत नव्हता. तो जास्तच बरोबर होता. मी तार पडद्यावर अशी दाबत असे की ती ताणली जाऊन सूर चढे, आणि चारांतले तीन सूर जागेवर असताना चौथा वर जाऊन बसे. शिक्षिका म्हणे, "बाई, हळू. ती कुठं पळत नाही." ज्या हाताने आयुष्यभर सोडायचे नाही एवढेच केले, त्याला सोडण्यास सांगणे म्हणजे काय, हे त्या पोरीला काय कळणार? अखेर मी माझी रीत काढली: तार भणभणेपर्यंत बोट सैल करायचे, आणि मग केसभर आवळायचे. तो केसभर सापडण्यास मला चार महिने लागले.

घरात हुकूम माझा चालतो. तालमीत तो वन्संचा चालू लागला. अठ्ठेचाळीस वर्षे ज्या बाईने माझ्यासमोर आवाज चढवला नव्हता, तिने एका आठवड्यात सगळी कसर भरून काढली.

"पुन्हा."

"आत्ताच बरोबर आलं होतं."

"तुझ्या मते. पुन्हा."

माझा मुलगा एकदा मध्ये पडला. "आत्या, जरा दमानं घे. तिला रक्तदाब आहे."

"रक्तदाब आहे, पण ताल कुठाय?" वन्सं म्हणाल्या. "आणि तू बोलूच नकोस. तीन आठवडे थांबला असतास तर आज ही वेळ आली नसती."

"म्हणजे हे सगळं माझ्यामुळं?"

"तुझ्याशिवाय कोणामुळं?" आम्ही दोघी एकदमच म्हणालो, आणि ती पहिली वेळ होती जेव्हा आम्ही दोघी एका मात्रेवर आलो.

सहा महिन्यांनी शिक्षिकेने आम्हांला तिच्या बालवाडीत नेले. चार वर्षांची तीस मुले जमिनीवर बसलेली. मी इस्त्रीची साडी नेसून, वाद्य मांडीवर घेऊन, लहान खुर्चीवर ताठ बसले. पुढच्या ओळीतील एका मुलीने बराच वेळ निरखून विचारले, "हे गिटार धुतलं म्हणून आटलं का?"

"नाही," मी म्हणाले. "हे मी मोडलं होतं. मग दुरुस्त केलं."

"का मोडलं?"

"जास्त ओढलं."

"मग तुला ओरडले का?"

"मला ओरडायची कोणाची छाती नाही."

हे उत्तर त्या श्रोत्यांना फार पटले. आम्ही दोन गाणी केली. दुसऱ्या गाण्यात मी एका जागी घसरले, ते कोणाला कळले नाही. तीसच्या तीस मुले उभी राहून डुलत होती. परत आल्यावर घराच्या पायऱ्या चढताना वन्सं म्हणाल्या, "सभागृहाची वार्षिक संगीतसंध्या पुढच्या महिन्यात आहे."

तेच सभागृह. मी दुसऱ्याच दिवशी सचिवांकडे गेले. ते गृहस्थ लहानपणी आमच्याकडे रॅकेट घेऊन येत आणि बाहेरूनच परत जात, कारण मला घाबरत. आता टेबलापलीकडे बसून त्यांनी चष्मा सारखा केला.

"पाच मिनिटं देता येतील. मध्यंतराच्या आधी."

"मला संध्याकाळ हवी आहे. सहा ते साडेआठ."

"बाई, कार्यक्रम वाद्यवृंदाचा आहे. तुमचं वय काय, वाद्य केवढं..."

"वय एकाहत्तर. वाद्य एकवीस इंच. आणखी काही मोजायचंय?"

"पाच मिनिटं," ते म्हणाले, पण उठून उभे राहून म्हणाले.

मी घरी येऊन सांगितले. वन्संना राग येईल असे मला वाटले होते, त्या शांतपणे म्हणाल्या, "पाच तर पाच." मी म्हणाले, "ही परतफेड धरायची नाही. हे नुसतं व्याज." पत्रक छापून आले, त्यात आमच्या नावाच्या जागी 'ज्येष्ठ नागरिक: गायन व वादन' असे होते. वन्संनी ते वाचले, घडी घातली आणि दूध आणण्यास गेल्या. माझ्या हातात त्या वेळी कोणाची रॅकेट नव्हती, हे त्या गिऱ्हाइकाचे नशीब.

संगीतसंध्येला सभागृह भरलेले होते. वाद्यवृंदाने तासभर भिंती हलवल्या, आणि मग दिवे जरा मंद करून आम्हांला बोलावले. मंचावर दोन खुर्च्या, दोन माइक. लोक उठू लागले होते. काहीजण मध्यंतर झालेच असे समजून चहाकडे निघाले होते. ते पाहून माझा संताप झाला, आणि संतापाने हात जुन्या वळणावर गेला. मी पहिलाच झंकार दिला तो असा घट्ट की चारही तारा चढून किंचाळल्या. पुढच्या रांगेत कोणीतरी हसले. मी पुन्हा दिला. आणखी घट्ट. माझे कान तापले. वन्सं सूर धरण्यासाठी तोंड उघडून थांबल्या होत्या, आणि मी त्यांना सूरच देऊ शकत नव्हते. एक्केचाळीस वर्षांनी त्यांना या मंचावर आणले, ते त्यांचे हसे करण्यासाठी, एवढेच माझ्या मनात आले.

वन्संनी माझ्याकडे पाहिले. मग त्या माइककडे वळल्या आणि स्वच्छ, सपाट, तोललेल्या आवाजात म्हणाल्या:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वहिनींची गाडी तांत्रिक कारणामुळे दोन मिनिटे उशिरा सुटेल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. प्रवाशांनी आपली जागा सोडू नये."

मग मागून एक बाई ओरडली, "अगं बाई, स्टँडवरच्या त्या!" आणि हशा असा फुटला की चहाकडे निघालेले दारातून परत फिरले. तीस वर्षे त्या सगळ्यांनी हा आवाज ऐकला होता. परीक्षेला जाताना, नोकरीवर जाताना, मुलगी पाहायला जाताना. चेहरा कोणी पाहिला नव्हता. लोक माना उंच करून पाहू लागले. एक म्हातारे गृहस्थ उभे राहून म्हणाले, "तुमच्यामुळं एकदाही गाडी चुकली नाही हो!"

मीही हसत होते. हसणाऱ्या माणसाची बोटे आवळत नाहीत, हे मला तेव्हा कळले. मी तारांवर हात ठेवला, भणभणेपर्यंत सैल सोडला, आणि केसभर आवळला.

सूर उभा राहिला आणि वन्संनी तो उचलला. त्यांच्या गुरूंनी त्यांच्यासाठी बांधलेले ते गाणे होते. खालच्या, पिकलेल्या आवाजात ते असे आले, जणू ते गाणे त्या वयाची वाट पाहत थांबले होते. पहिल्या कडव्यानंतर कोणी हसत नव्हते. दुसऱ्यानंतर चमचाही वाजत नव्हता. ते संपले तेव्हा टाळ्या झाल्या, आणि त्या टाळ्यांत "आणखी एक" असे ओरडणे सुरू झाले. सचिव पडद्याआडून घड्याळ दाखवीत होते. मी त्यांच्याकडे एक कटाक्ष टाकला. घड्याळ खाली गेले. आम्ही पाच मिनिटांची चोवीस मिनिटे केली.

मध्यंतरात सचिव आमच्याकडे आले. "बाई, लोक विचारताहेत. पुढच्या महिन्यात, तुम्हा दोघींची एक स्वतंत्र..."

"किती वाजता?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"सहा ते साडेआठ. आणि पत्रकावर यांचं पूर्ण नाव. मोठ्या अक्षरांत. मी मसुदा तपासून दिल्याशिवाय छापायचं नाही."

"आणि तुमचं नाव?"

"खाली, लहान अक्षरांत, साथ म्हणून. मी फेडायला आले आहे."

तो महिना आम्ही दुकान चार वाजता बंद केले. असे आमच्या घराण्यात कोणी केले नव्हते. मुलगा कुरकुरला नाही. त्याने सभागृहाच्या दाराशी उभे राहून पत्रके वाटली, आणि प्रत्येकाला सांगितले की गाणारी माझी आत्या आणि वाजवणारी माझी आई. बालवाडीच्या शिक्षिकेने तीस मुलांचे आईबाप आणले. वन्संनी नवी साडी घेण्याचे नाकारले. मी घेतली, आणि नेसण्याची आज्ञा केली. कपाळाला हात लावून त्या म्हणाल्या, "फेडतेस की आणखी चढवतेस?" पण नेसल्या.

बरोबर सहा वाजता पडदा उघडला. वन्संनी तेरा गाणी गायली. सातव्या गाण्यानंतर त्यांचा श्वास जरा चढला तेव्हा मी वाजवीत राहिले आणि त्या पाणी प्यायल्या, आणि श्रोत्यांना ते गाण्याचाच भाग वाटले. नवव्यात एका जागी बोटे कोठे ठेवायची ते मी विसरले. त्या माझ्याकडे न पाहता तीच ओळ पुन्हा गायल्या, आणि तोवर मला आठवले. तेरावे संपले, लोक उभे राहिले, सचिव फुले घेऊन पुढे आले. मी समोरच्या घड्याळाकडे पाहिले. आठ वीस.

"अजून दहा मिनिटं बाकी आहेत, वन्सं," मी हळूच म्हणाले.

"सोडून दे गं. खूप झालं."

"आमच्याकडे सोडून देत नाहीत. तुमची दहा मिनिटं आहेत. काय हवं ते करा."

वन्संनी क्षणभर विचार केला. मग त्या उठल्या, फुले सचिवांच्याच हातात ठेवली, मंचाच्या पायऱ्या उतरून पहिल्या रांगेत माझ्या मुलाशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, आणि पदर सारखा करून म्हणाल्या, "आता तू एकटी वाजव. मला ऐकायचंय."

सारे सभागृह खाली बसले. मंचावर मी आणि एकवीस इंचांचे लाकूड. एकटीने वाजवण्याचे काही ठरलेले नव्हते. मी त्यांचेच पहिले गाणे धरले, शब्दांवाचून, एका तारेवर, मग दोन तारांवर, मग चारही. कोठेही ओढले नाही, कोठेही सोडले नाही. वन्सं डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत नव्हते. त्या खरोखरच नुसत्या ऐकत होत्या. शेवटचा झंकार मी हवेत विरू दिला आणि हात तारांवर ठेवला.

साडेआठ.

टाळ्यांचा कडकडाट उठला तो मी बसूनच स्वीकारला, कारण मला अजून उत्तर मिळायचे होते. वन्सं डोळे उघडून पायऱ्या चढून आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि त्या गर्दीतही मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "फिटलं, वहिनी. सगळं फिटलं."

मग मी उठून उभी राहिले.